गेममधल्या बायका आणि कलाकाराचं स्वातंत्र्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात, नौपाड्याला, दर शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण गेमची पात्रं आणि गोष्टी कशा घडवायच्या ते शिकवतो. मी थ्रीडी पात्रं बनवते, गेली बारा वर्षं हेच काम आहे. वर्गातली मुलं, त्यांचे आईबाबा, कधी ऐरोली-खारघरहून फोन करणारी अनोळखी माणसंही एका विषयावर पुन्हा पुन्हा विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. गेममध्ये बायका कशा दाखवतात यावर एवढा वाद कशासाठी? नेमकं खटकतं काय?

साधारण तीन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे काम आणि कपडे यांचा मेळ नसणं. एकाच सैन्यातला पुरुष मानेपासून घोट्यापर्यंत चिलखतात असतो आणि त्याच्या शेजारची बाई उघड्या पोटानं बर्फात लढत असते. दुसरी गोष्ट कॅमेरा. ती सेनापती असते, महत्त्वाचं काही सांगत असते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर नसतोच. तिसरी गोष्ट कथेतली जागा. १९८१च्या 'डाँकी काँग'मध्ये बाई वर अडकलेली आणि पुरुष खालून शिड्या चढतोय. १९८५च्या 'सुपर मारियो ब्रदर्स'मध्ये राजकन्या शेवटच्या किल्ल्यात वाट बघतेय. खेळाडूनं केलेल्या कष्टांचं ती बक्षीस असते.

एखाद्या गेममध्ये असं असलं तर काही बिघडत नाही. पण दहापैकी आठ गेममध्ये तेच दिसलं की वर्गातल्या मुली विचारतात, ताई, यात आमच्यासाठी काय आहे? हा प्रश्न मला रास्त वाटतो.

२. हे कोणी मोजलंय का, की नुसतं वाटतं?

मोजलंय. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १५० लोकप्रिय गेममधली पात्रं मोजली होती. त्यात स्त्रिया सुमारे १५ टक्के निघाल्या. २०२३ मध्ये ५० रोल-प्लेइंग गेममधले (ज्यांत खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन गोष्ट पुढे नेतो) संवाद मोजले गेले, तेरा हजारांहून जास्त पात्रांचे. त्यात बायकांच्या वाट्याला सुमारे ३५ टक्के बोलणं आलं होतं. दोन्ही अभ्यासांची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून 'इतकी प्रगती झाली' असं म्हणता येणार नाही. मला दुसरा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. कपड्यांवर भांडणारे खूप भेटतात, पण कोणाला किती बोलू दिलंय हे सहसा कोणी बघत नाही.

३. म्हणजे जुने गेम सगळेच वाईट होते का?

मुळीच नाही. 'मिस्टरी हाउस' हा रॉबर्टा विल्यम्स यांचा गेम १९८०चा आहे, आणि कॅरल शॉ यांचा 'रिव्हर रेड' १९८२चा. या धंद्याच्या पायाभरणीत बायका होत्याच. विल्यम्स यांनीच १९८८च्या 'किंग्ज क्वेस्ट ४'मध्ये रोझेला या राजकन्येला नायिका केलं. तिथे बाप आजारी पडतो आणि त्याला वाचवायला मुलगी बाहेर पडते. १९९१च्या 'स्ट्रीट फायटर २'मधली चुन-ली तर आमच्या पिढीनं व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाची नाणी टाकून खेळलेली आहे. मुलगेही तिलाच निवडायचे, कारण तिच्या लाथा वेगवान होत्या.

१९८६चा 'मेट्रॉइड' मात्र गमतीशीर आहे. पूर्ण गेम चिलखतात लढणारी समस बाई आहे हे शेवटी कळतं. त्या काळी हा केवढा मोठा धक्का होता! पण गेम जितका लवकर संपवाल तितकं तिचं चिलखत कमी होत जातं आणि सगळ्यात वेगवान खेळाडूला ती बिकिनीत दिसते. एकाच गेममध्ये एक धाडसी निर्णय आणि एक जुनी खोड शेजारी शेजारी आहेत. बहुतेक गेम असेच मिश्र असतात.

४. लारा क्रॉफ्ट हे चांगलं उदाहरण की वाईट?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि एका शब्दात उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

१९९६चा 'टूम रेडर' इंग्लंडमधल्या कोअर डिझाइन कंपनीनं केला. लाराचा निर्माता टोबी गार्ड. तिची छाती आणि कंबर कशी होती ते सगळ्यांना आठवतं. पण ती एकटी फिरणारी, हुशार, कोणाकडूनही सुटका करून न घेणारी नायिका होती, हे मुलींनाही आठवतं. जाहिरातींनी त्यातली पहिलीच गोष्ट उचलली. तिला ज्या तऱ्हेनं विकलं जात होतं ते गार्ड यांना पटलं नाही आणि १९९७ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. स्वातंत्र्याची चर्चा करताना हे विसरू नका. तिथे कलाकाराचा हात धरला तो विक्रीनं, टीकाकारांनी नव्हे.

२०१३ मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्सनं लारा नव्यानं घडवली. प्रमुख लेखिका होत्या रिअ‍ॅना प्रॅचेट. लारा तरुण, घाबरलेली, जखमी आणि तरीही चिवट दाखवली. शरीर माणसाचं झालं, पँट आली. पण तो गेम येण्याआधी एका निर्मात्यानं म्हटलं होतं, खेळाडूला तिचं रक्षण करावंसं वाटेल. त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. शरीर बदललं, पण खेळाडू तिच्या जागी नसून तिच्या मागे उभा आहे हे गृहीतक तसंच राहिलं. माझं मत विचाराल तर १९९६ची लारा कपड्यांत चुकली आणि २०१३ची वेदना दाखवण्याच्या हौसेत. दोन्ही वेळा ती मला आवडली.

५. पण कलाकाराला स्वातंत्र्य नको का? त्याला हवं तसं पात्र त्यानं का काढू नये?

काढावं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मराठी माणसाला हे सांगायला परदेशी दाखल्यांची गरज नाही. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'वर नाटकं तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळानं आक्षेप घेतले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि नाटक टिकलं. त्यात बाईला मारहाण आहे, शिव्या आहेत, आणि ते सगळं काढून टाकलं असतं तर नाटकात काही उरलंच नसतं. गडकरी रंगायतनमध्ये असं नाटक बघायचा हक्क आपल्याला हवा असेल, तर तोच हक्क गेम बनवणाऱ्यालाही द्यायला हवा.

पण मग खेळणाऱ्याचं स्वातंत्र्यही माना. 'हे पात्र मला पटलं नाही, का ते सांगते,' असं म्हणणं म्हणजे बंदीची मागणी नाही. अनिता सार्कीसियन यांनी २०१३ पासून गेममधल्या स्त्री-चित्रणावर व्हिडिओ मालिका केली. तिच्यातले काही मुद्दे मलाही ओढूनताणून आणलेले वाटतात. तरी ती समीक्षाच होती. तिच्या बदल्यात त्यांना जिवे मारायच्या धमक्या आल्या आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या एका विद्यापीठातलं भाषण रद्द करावं लागलं.

आता माझ्या मते मुख्य मुद्दा. बहुतेक वेळा त्या उघड्या पोटामागे कोणा कलाकाराची निवड नसतेच. मी एका स्टुडिओत असताना शेतीच्या मोबाइल गेमसाठी आयकॉन काढत होते. मी डोक्याला फडकं बांधलेली, कपाळावर घाम असलेली शेतकरीण काढली. परत आली : डोळे मोठे करा. केले. परत आली : ब्लाउजचा गळा खाली घ्या. घेतला. मग कंबर बारीक करा, ओठ ओले दाखवा, मान जरा मागे. सातव्या खेपेला पसंत पडली. त्या गेममध्ये एकही बाई नव्हती. ट्रॅक्टर होते, गोदामं होती, कोंबड्या होत्या. मी बैठकीत विचारलं, ही आहे कोण? कोणाकडे उत्तर नव्हतं. 'सगळे असंच करतात' एवढंच कळलं. तेव्हापासून कोणी 'कलाकाराचं स्वातंत्र्य' म्हटलं की मी आधी विचारते, कलाकाराला विचारलं होतं का?

६. टीकेनंतर कंपनी पात्र बदलते, ती सेन्सॉरशिप नाही का?

बदल कोणी केला आणि कोणाच्या दबावाखाली केला, ते बघावं लागतं. चार प्रसंग सांगते.

२०१६ मध्ये 'ओव्हरवॉच'च्या चाचणी आवृत्तीत ट्रेसर या पात्राची पाठमोरी पोझ एका खेळाडूला तिच्या स्वभावाशी विसंगत वाटली. कंपनीनं ती काढली, आम्हालाही ती पूर्ण पटली नव्हती असं सांगितलं, आणि बदली पोझही बऱ्यापैकी नखरेल दिली. हे मला संपादन वाटतं. २०२१ मध्ये 'मास इफेक्ट'ची जुनी मालिका नव्यानं आली. तिच्यात मिरांडा हे पात्र गंभीर बोलत असताना कॅमेरा तिच्या पार्श्वभागावर असायचा, अशा काही चौकटी बनवणाऱ्यांनीच बदलल्या. तेही संपादनच.

२०२४ मध्ये 'स्टेलर ब्लेड' या कोरियन गेममधले काही पोशाख पहिल्याच दिवशीच्या अपडेटमध्ये थोडे झाकले गेले. चाहते चिडले, ऑनलाइन याचिका झाली. आम्हाला हवी होती ती हीच अंतिम आवृत्ती, असं दिग्दर्शकानं सांगितलं. तरी जाहिरातीत एक दाखवून हातात दुसरं दिलं, ही ग्राहकाची तक्रार मला गैर वाटत नाही.

चौथा प्रसंग दुकानाचा. डिसेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टार्गेट दुकानांनी 'जीटीए ५' हा गुन्हेगारीवरचा गेम विक्रीतून काढला, कारण त्यातल्या स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध मोठी याचिका आली होती. गेम बाकी ठिकाणी मिळत होता, म्हणून ही बंदी नाही. पण मी त्या याचिकेवर सही केली नसती. सरकारनं अडवलं तर ती सेन्सॉरशिप, आणि त्याबद्दल पुढचं उत्तर वाचा.

७. भारतात गेमला सेन्सॉर बोर्ड असतं का? कायदा काय म्हणतो?

सिनेमाला आहे तसं प्रमाणपत्र मंडळ गेमला नाही. १९५२चा सिनेमॅटोग्राफ कायदा चित्रपटांपुरता आहे. प्ले स्टोअरवर दिसणारं ३+, ७+, १२+, १६+, १८+ हे वय बनवणाऱ्यानं भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतं. २०२५चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा मुख्यतः पैसे लावून खेळायच्या गेमबद्दल आहे, पात्रांच्या चित्रणाबद्दल नाही.

अश्लीलतेचे सर्वसाधारण कायदे मात्र लागू होतात. भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ (१ जुलै २०२४ पूर्वी हे दंडविधानाचं २९२ होतं), माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७, आणि स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६चा कायदा. अश्लील कशाला म्हणायचं हे ठरवताना सर्वोच्च न्यायालयानं २०१४च्या अवीक सरकार खटल्यात जुनी ब्रिटिश कसोटी सोडली. चित्र सुटं काढून बघायचं नाही, संदर्भासकट बघायचं, आणि आजच्या समाजाच्या मापानं बघायचं, असं सांगितलं. त्याआधी १९६९ मध्ये चंद्रकांत काकोडकर यांच्या दिवाळी अंकातल्या मराठी कथेला याच न्यायालयानं अश्लीलतेच्या आरोपातून मुक्त केलं होतं. अमेरिकेत २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी गेमला पुस्तकं-नाटकांसारखंच अभिव्यक्तीचं संरक्षण आहे असं ठरवलं. प्रत्यक्ष अडचण आली असेल तर वकिलाला गाठा. हे उत्तर फक्त रस्ता दाखवण्यापुरतं आहे.

८. पुरुष पात्रंही अतिशयोक्तच असतात की! त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

खरं आहे, असतात. 'गॉड ऑफ वॉर'चा क्रेटोस २००५ पासून उघडाच फिरतोय. पण त्याचे दंड बघून खेळाडूला 'मी असा असतो तर' असं वाटावं, असा तो घडवलेला आहे. बरीचशी स्त्री-पात्रं 'ही माझ्यासमोर असती तर' असं वाटावं म्हणून घडवलेली असतात. उघड्या अंगाचं माप सारखं असलं तरी हेतू वेगळे असतात. एक सोपी परीक्षा करा. क्रेटोसला अशा एखाद्या नायिकेच्या पोझमध्ये उभं करून बघा. आमच्या वर्गात मुलं हे खरंच करून बघतात, आणि मग मला फार बोलावं लागत नाही.

९. पात्र बाईनंच काढलं असेल तर आक्षेप उरतो का?

'बेयोनेटा' (२००९) हे याचं नेहमीचं उदाहरण. तिचं रूप मारी शिमाझाकी या चित्रकर्तीनं घडवलं. बेयोनेटा भडक आहे, तिचे कपडे तिच्याच केसांचे आहेत आणि मोठा वार करताना ते उतरतात. मला ती आवडते, कारण सगळा खेळ तिच्या मर्जीनं चाललाय असं वाटतं. माझ्याबरोबर शिकवणारी मैत्रीण म्हणते की मर्जी तिची, कॅमेरा कोणाचा? तीन वर्षं आमचा हा वाद चालू आहे. बाईनं काढलं एवढ्यावर पात्र चांगलंही ठरत नाही आणि वाईटही नाही. बाई चित्रकार आहे म्हणून तिच्याकडून सोज्वळपणाचीच अपेक्षा करणं, हा तिच्या स्वातंत्र्यावरचा वेगळा घाला आहे.

१०. शेवटी खपतं तेच बनवतात ना?

असं कंपन्या म्हणतात. २०१४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी'च्या वेळी खेळता येणारं स्त्री-पात्र नसण्याचं कारण दिलं गेलं की अ‍ॅनिमेशनचं काम खूप वाढतं. याच धंद्यातल्या अ‍ॅनिमेटरांनी ते जाहीरपणे खोडून काढलं. पुढे २०१७च्या 'होरायझन झीरो डॉन'ची अलॉय पूर्ण कपड्यांत, रोबोटांशी लढत जगभर खपली. खप हे कारण नेहमी पुढे केलं जातं, पण दुसरं काही करून पाहिल्याशिवाय ते सिद्ध कसं होणार?

११. मग गेममध्ये बाईवर अत्याचार दाखवूच नये का?

दाखवावा लागेल तिथे दाखवावा. पण बटण दाबल्यावर खेळाडूला काय मिळतं ते आधी तपासावं.

१९८२ मध्ये अटारीच्या यंत्रासाठी 'कस्टर्स रिव्हेंज' नावाचा गेम आला. त्यात बांधून ठेवलेल्या मूळनिवासी अमेरिकन स्त्रीवर बलात्कार करणं हेच उद्दिष्ट होतं आणि त्याचे गुण मिळत. मूळनिवासी आणि स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध निदर्शनं केली. आता २०१६चा 'मिसिंग' बघा. कोलकात्याच्या कलाकार लीना केजरीवाल यांचा हा गेम मुलींच्या तस्करीवर आहे. खेळाडू त्यात पळवून नेलेली मुलगीच असतो आणि सुटायचा मार्ग शोधत असतो. विषय दोन्हीकडे भयंकर आहे. पण एकीकडे अत्याचार करणाऱ्याचे हात तुमचे, दुसरीकडे भीती तुमची. नाटकात आपण प्रेक्षक असतो, गेममध्ये कृती आपण करतो, म्हणून हा फरक इथे फार जड होतो. मी जिला कधीच मान्यता देणार नाही अशी गोष्ट एकच : नायकाला राग यावा एवढ्यासाठी पहिल्या पाच मिनिटांत मारली जाणारी, नावही धड न मिळालेली बायको. तिला बंदी नको, पण असं लिखाण माझ्या वर्गात परत जातं.

१२. आपल्या मातीतली नायिका करायची तर साडी नेसवायची का? मग ती लढणार कशी?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' आणला. त्यात राजी आपल्या पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. प्रश्न १ मधली सुटका इथे उलटी झाली आहे. साडीचं म्हणाल तर नऊवारी हा लढायचा, पळायचा, चिखलात उतरायचाच पोशाख आहे. अडचण आपल्या अज्ञानाची आहे.

वर्गातल्या ऐरोलीच्या एका मुलानं ठाणे खाडीवरचा गेम करायला घेतला. नायिका कोळीण, होडी, समोर फ्लेमिंगो. पहिलं मॉडेल आणलं त्यात लुगडं ओलं, अंगाला चिकटलेलं, काष्टा चुकीच्या जागी, पळताना कापड मांडीतून आरपार जात होतं. मी म्हटलं, आत्याला दाखव. त्याची आत्या मासे विकते. तिनं मोबाइल हातात धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हिच्या कंबरेला पैशाची पिशवी नाय. सुट्टे कुठनं देल?" मग उठून तिनं त्याच्यासमोर लुगडं नेसून दाखवलं, निऱ्या कुठे खोचायच्या, काष्टा किती ओढायचा, पदर कमरेला कसा बांधायचा. उकिडवी बसली, उठली, दोन पायऱ्या चढली. त्यानं सगळं शूट केलं. आता मॉडेलला पिशवी आहे, आणि घाईगर्दीत सुट्टे पैसे मोजून देणं हा त्या गेममधला सगळ्यात मजेचा भाग झालाय.

१३. माझी मुलगी बीजीएमआय हा मोबाइल गेम मुलाच्या नावानं खेळते. माइक लावला की घाण बोलतात म्हणते. काय करू?

तिचा खेळ बंद करू नका. शिक्षा तिला होईल. अनोळखी लोकांसाठी माइक बंद ठेवायला सांगा, ओळखीच्या मैत्रिणींबरोबर टीम करू द्या, आणि घाण बोलणाऱ्याला ब्लॉक करून गेममध्येच रिपोर्ट करायला शिकवा. स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवा. धमकी, पाठलाग किंवा फोटोची मागणी झाली तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. किंवा थेट पोलीस ठाण्यात जा. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदाही लागू होऊ शकतो.

१४. गेममधलं पात्र मी मॉडनं (गेममध्ये बदल करणाऱ्या जोड-फाइलनं) माझ्या कॉम्प्युटरवर हवं तसं बदललं, तर त्यात कोणाचं काय गेलं?

काल्पनिक पात्र, सज्ञान खेळाडू, स्वतःचं घर : यात मी पडणार नाही, आणि कोणी पडू नये. पात्राचं रूप बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं, पण तुमच्या घरात तुम्ही त्याचं काय करता हा त्याचा प्रश्न राहत नाही. पात्र अल्पवयीन दाखवलेलं असेल तर मात्र ही सूट नाही.

आणखी एक प्रकार गेल्या वर्षी दोनदा आमच्या कानावर आला. वर्गातल्या, शेजारच्या किंवा पूर्वीच्या मैत्रिणीचा चेहरा गेममधल्या उघड्या शरीरावर बसवायचा आणि ग्रुपवर टाकायचा. इथे कलेच्या स्वातंत्र्याचा संबंधच येत नाही. ती मुलगी खरी आहे आणि तिला कोणी विचारलेलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६७ आणि ६७अ अशा साहित्यासाठीच आहेत. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर फाइल डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसू द्या. तक्रार कुठे करायची ते प्रश्न १३ मध्ये आहे. एकटीनं जायचं नसेल तर शनिवारी वर्गात सांगा, आमच्यापैकी कोणीतरी बरोबर येईल.